रशिदाभाभीचे प्रश्न

"सिस्टर, अम्मी गेली..." महिन्यापूर्वी हर्णैहून इम्तियाजचा फोन आला. आईचं ऐकून तोही मला सिस्टरच म्हणतो.

नव्वद साली मी सौदीत, दम्मामच्या इस्पितळात नर्स होते. रशिदाभाभी माझ्या शेजारच्या घरात राहायची. खाली तिचा नवरा करीमभाई शिलाईचं दुकान चालवायचा. एकुलत्या इम्तियाजला शाळेसाठी हर्णैला आजीकडे ठेवलेलं. इराकने कुवेत घेतलं आणि बघता बघता आमचं शहर अमेरिकन सैनिकांनी भरून गेलं. लढाई अजून सुरू व्हायची होती. सैनिक गणवेश आखूड करायला, नावाच्या पट्ट्या शिवून घ्यायला दुकानात येत. भाभीला त्या कपड्यांचं कोण कुतूहल... गुडघ्यावर दुहेरी कापड कशाला, मांडीवर एवढा मोठा खिसा कशाला. करीमभाई म्हणायचा, "शिव आणि खलास कर गो."

एकदा एक सैनिक मुलगी आली. बंदर राखायला बसवलेल्या क्षेपणास्त्रांच्या तुकडीतली. बाईचं माप करीमभाई कसा घेणार, म्हणून त्याने तिला वर पाठवलं. इंग्रजीसाठी भाभीने मला हाक मारली. मुलीच्या कमरेच्या पिशवीत विषारी वायूपासून वाचायचा मुखवटा होता. भाभीने तो मागून घेऊन तोंडावर चढवलाच. "आतून तुम्ही दोघी लांब गेल्यासारख्या दिसता," ती घुमऱ्या आवाजात म्हणाली. मुखवटा न काढता नळीने पाणी पिता येतं हे कळल्यावर तिने ती नळीही निरखून पाहिली. मग तिचं लक्ष मुलीच्या गळ्यातल्या साखळीकडे गेलं. पत्र्याचे एकसारखे दोन बिल्ले, दोन्हींवर तिचं नाव.

"दोन कशाला? विचारा ना."

मी विचारलं. मुलगी शांतपणे म्हणाली, मेल्यावर एक अंगावर राहतो, दुसरा सोबतचे घेऊन जातात.

मी मराठीत सांगितलं. भाभीने माप घ्यायला टेप उचलली आणि म्हणाली, "हिला मूलबाळ आहे काय?"

होतं. तीन वर्षांचा मुलगा, तिच्या आईकडे. हल्ली तो फोनवर तिच्याशी बोलत नाही म्हणे.

भाभीच्या हातातली टेप थांबली. "आमचापण बोलत नाही," ती म्हणाली. मी तेही इंग्रजीत सांगितलं. त्या मुलीने भाभीच्या दंडावर हात ठेवला.

पुढे लढाई झाली, भोंगे वाजले, दारांच्या फटींना ओली फडकी लावून आम्ही बसून राहिलो. सगळं संपल्यावर ती मुलगी निरोप घ्यायला येऊन गेली, धडधाकट. त्याच आठवड्यात भाभीने नवऱ्याला आपले देश सोडायचे, एक्झिटचे कागद करायला सांगितले. करीमभाई चक्रावला. "लढाई संपली, आता कशाला जातेस?"

"लढाईला भिऊन नाय जात," ती म्हणाली, आणि हर्णैला गेली ती कायमची.

परवा मी तिकडे जाऊन आले. इम्तियाजने तिची शिलाईची खोली दाखवली. खिडकीतून थेट समुद्र दिसतो. पण मशीन खिडकीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून ठेवलेलं. एवढा उजेड सोडून असं का, मी विचारलं.

"मी शाळेतून येताना दिसायला हवा, म्हणायची," तो म्हणाला. "नंतर मी नोकरीला लागलो, तरी मशीन हलवू दिलं नाही."