सोमजाईच्या पायऱ्यांवरचा नवस

उमरठच्या वरच्या वाडीतल्या रंगूबाईनं सोमजाईला नवस बोललाय, असं गावभर झालं होतं. दर मंगळवारी देवळाच्या दहा पायऱ्या चढायच्या, बसायचं, हात जोडायचे, मग पुढच्या दहा. "भक्ती असावी तर अशी," बाया म्हणत. सून अनुपमा मात्र हे ऐकून चरफडायची. नवस कसला म्हणून विचारलं, की सासूचं ठरलेलं उत्तर, "बोललेला नवस सांगू नये गो."

घरातलं अनुपमालाच दिसत होतं. लग्नात चढलेली जोडवी सासूनं साबण लावून काढली होती. पावलं फुगून ती रुतत होती. अंगण झाडायला वाकली की धाप. दोन घासांत पोट भरायचं. आरतीत सगळ्यांच्या वर जाणारा आवाज बसला, तो महिना झाला तरी उठेना.

"वात हाय तो," म्हणून सासरे महिपत बायकोला दोनदा सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकायला नेऊन आले. सूज तिथंच.

"बाबा, पाय शेकून छातीतला दम कसा जाईल?"

"वय झालं की लागतो दम. आणि प्रेशर मोजलं ना? एकशेवीस-ऐंशी. तुझ्यापेक्षा बरं हाय."

दगडावर डोकं फोडलं तर निदान दगडाला चरा तरी पडेल, असं अनुपमाला झालं.

पुढच्या मंगळवारी ती पूजेचं ताट घेऊन सासूच्या मागोमाग निघाली. तिसाव्या पायरीवर रंगूबाई बसली ती बसलीच. ओठ जांभळे पडलेले. हात जोडायचे सोडून दोन्ही पंजे पायरीवर रोवलेले.

"डोळ्यांपुढं काळोख आला गो."

"आई, देवीच्या दारात आहात. खरं सांगा, नवस आहे का?"

रंगूबाईनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "नवस नाय. दम पुरत नाय. लोकांनी म्हातारी खंगली म्हणण्यापरीस बरं, म्हणून बोलले."

"देवीच्या नावावर खोटं?"

"नवस खोटा. जोडलेले हात खरेच होते."

दुसऱ्या दिवशी अनुपमानं कुणाचं न ऐकता तिला महाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली. "दंडावर मोजतात तो दाब वेगळा. यांचा फुप्फुसाकडं रक्त नेणाऱ्या नळ्यांतला दाब वाढलेला दिसतोय. हृदयाची उजवी बाजू दमलीय, म्हणून सूज. पट्टा बांधून हे कळत नाही." चुलीपुढं किती वर्षं बसलात, असंही विचारलं. "जन्मभर," रंगूबाई म्हणाली. कारण शोधायला पुढच्या तपासण्या मुंबईत करायच्या होत्या. तिथं नोकरीला असलेल्या रितेशला, अनुपमाच्या नवऱ्याला, फोन गेला.

निघायच्या सकाळी शेजारची येसूबाई नारळ घेऊन आली. "रंगू, तू निवांत जा. तुझा नवस मी चालवते. मी पण हल्ली दहा पायऱ्यांनी बसतेच."

रंगूबाईची नजर तिच्या पावलांवर गेली. "जोडवी कुठं गो तुझी?"

"काढली. रुततात."

रंगूबाईनं कपाळावर हात मारला. "अनुपमा, हिला महाडपर्यंत गाडीत घाल. डॉक्टरीणबाईंपुढं बसवूनच पुढं जाऊ."

"अगो, पण देवीचा नवस..."

"नवस नाय तो, येसू! गप चप्पल घाल!"