चिमण्यांसाठी टांगलेलं धान

दिवाळीच्या आसपास रायपुरात फुटपाथवर धानाच्या झालरी विकायला येतात. धानाच्या लोंब्या एकमेकींत गुंफून केलेली ही झालर दाराला टांगायची, म्हणजे चिमण्या येऊन दाणे खातात. नवं धान आलं की पाखरांचा वाटा आधी काढायचा, असा इथला रिवाज. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं. वडील रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो, पण आमच्या दाराला अशी झालर कधी लागली नव्हती. त्या वर्षी बायकोनं मागितली म्हणून मी ती पहिल्यांदा घेतली.

ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती. कॅन्सर यकृतात पसरला होता आणि आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. तिला ते न सांगताच कळलं. शंकर नगरातल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात मी तिचा पलंग खिडकीशी सरकवला, पण तिथून दिसायच्या त्या समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या आणि विजेच्या तारा. "एक झालर आणा न," ती म्हणाली, "चिमण्या तरी येतीन." मी ऑफिसातून येताना त्यातल्या त्यात चकचकीत, सोनेरी झालर निवडली आणि खिडकीच्या गजाला बांधली.

चिमण्या आल्या नाहीत. समोरच्या तारेवर बसून खुशाल चिवचिवाट करायच्या आणि आमच्या झालरीकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. ती नुसती बघत राहायची. माझा मात्र तिळपापड व्हायचा, आणि राग चिमण्यांवर नव्हता. मरणाच्या दारात पडलेल्या बाईला दोन चिमण्या दाखवायलाही ह्याला जड जातं, असं मी ऑफिसात बसून देवाला मनातल्या मनात ऐकवायचो. बापाच्या, म्हणजे देवाच्या, आज्ञेवाचून एक चिमणीही भुईवर पडत नाही, हे प्रभूचं वचन आम्हा मंडळींना लहानपणापासून पाठ असतं, त्यामुळे भांडायला मुद्दा आयताच हाती होता.

रविवारी दुपारी चर्चच्या बायका यायच्या. आमचं चर्च हिंदी, घरातली प्रार्थना तेवढी मराठी. त्या पलंगाभोवती उभ्या राहून चंगाई मागायच्या, म्हणजे रोगातून बरं होणं. "दीदी, बस विश्वास रखो, चंगाई ज़रूर मिलेगी." मीही रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून तेच मागायचो. जन्म सरकारी कचेरीत गेलेला, तेव्हा माझी प्रार्थना म्हणजे मागचा संदर्भ देऊन पाठवलेलं स्मरणपत्र, असं ती चिडवायची. "तुमची फाईल वर कुठं तरी अडकून राहिली वाटते," असं म्हणून मान वळवायची.

एका सकाळी तिनं गजातून हात घालून झालरीचा एक दाणा तोडला, दाताखाली धरला आणि लगेच थुंकला.

"याले तर वार्निश मारलं आहे. चिमण्या काहून येतीन? तुम्ही शोभेची घेऊन आले."

आणि ती हसली. हसताना पोटात कळ आली, तरी हसत राहिली. तिचं माहेर गोंदियाकडचं, धानाच्या पट्ट्यातलं, तिला कोण फसवणार. मी इतके दिवस ज्याच्याशी तावातावानं भांडत होतो, त्याचा ह्यात काहीच हात नव्हता. झालर मीच पसंत केली होती. मी हसलो नाही, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नवा रायपुरला ऑफिसात जाताना मी स्कूटर थांबवली. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या मध्ये अजून काही शेतं उरली आहेत आणि एकात कापणी चालली होती. कापणाऱ्या बाईला थोड्या लोंब्या मागितल्या. "हव, ले जा न भैया," म्हणत तिनं ओंजळभर काढून दिल्या, आणि मी तसाच घरी परतलो. झालर गुंफणं काही मला जमलं नाही. बायकोनं पडल्या पडल्या सांगितलं तशी मी एक वेडीवाकडी जुडी बांधून टांगली. दुपारपर्यंत चिमण्या त्या जुडीवर तुटून पडल्या होत्या. त्या दिवशी तिनं वाटीभर पेज घेतली, हे मला अजून आठवतं.

असे काही बरे दिवस गेले. मग एका सकाळी आम्ही दोघं बघत असतानाच एक शिक्रा आला. आला कधी तेही कळलं नाही. एक चिमणी पंजात धरून तो समोरच्या टाकीवर जाऊन बसला आणि तिथंच तिची पिसं उपटू लागला. मी उठून खिडकी लावायला गेलो.

"राहू द्या उघडी," ती म्हणाली.

"बघवते का तुले हे? काय म्हणते आता तुझं वचन?"

"त्यानं कधी म्हटलं का, चिमणी पडणारच नाही म्हणून? पडते. ती पडते तेव्हा बापाले माहीत असते, एवढंच म्हटलं."

"माहीत असून काय फायदा? माहीत तर मलेही आहे."

"तुम्हाले माहीत आहे, अन् तुम्ही इथं बसून आहा न," ती म्हणाली. "त्याचा मले फायदाच होऊन राहिला."

मग थोडा दम खाऊन ती म्हणाली, की आता चंगाई मागू नका. मी जाईन तेव्हा त्यानं जवळ असावं, एवढंच मागा. आणि हे तिला माझ्याच तोंडून ऐकायचं होतं, चर्चच्या बायकांच्या नव्हे.

मी साफ नाही म्हणालो. तशी प्रार्थना करणं म्हणजे आपल्या हातानं तिला सोडून देणं, असं मला वाटत होतं. संध्याकाळी मी हट्टानं पुन्हा चंगाईच मागितली. दुसऱ्या दिवशीही. ती डोळे मिटून ऐकून घ्यायची. दुखणं वाढत चाललं होतं, औषधाची गुंगी उतरली की ती कण्हायची, आणि मी मात्र माझं स्मरणपत्र धाडतच होतो.

मी रजा टाकली आणि दिवसभर तिच्याजवळ बसू लागलो. ती बहुतेक झोपलेली असायची, तेव्हा चिमण्या मीच बघायचो. शिक्र्यानंतर त्या एक दिवस फिरकल्या नाहीत, मग परत आल्या. मला वाटलं, विसरल्या असतील. पण विसरल्या नव्हत्या. एक दाणा टिपायचा, मान वर करून आकाश बघायचं, पुन्हा एक दाणा. भीती गेली म्हणून त्या खात नव्हत्या, भीत भीतच खात होत्या. चर्चमध्ये जन्मभर प्रवचनं ऐकली, पण विश्वास म्हणजे भीती संपणं अशीच माझी समजूत होती, आणि माझी भीती संपत नव्हती म्हणून मला आपला विश्वास खोटा वाटायचा. त्या दुपारी बसल्या बसल्या मला जरा हायसं वाटलं. भूक लागल्यासारखं वाटलं, आणि मी उठून सकाळची पोळी खाल्ली.

संध्याकाळी ती जागी झाली तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिनं सांगितलं होतं ते मागितलं. बापा, हिला भीती वाटेल तेव्हा जवळ राहा, मी नसलो तरी तू राहा, एवढंच कसंबसं म्हणालो.

"आमेन," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कित्येक महिन्यांत माझ्या एकाही प्रार्थनेला तिनं आमेन म्हटलं नव्हतं.

नाताळाच्या आधीच ती गेली. मी अजून रोज संध्याकाळी त्याच जागी बसून प्रार्थना करतो, आणि आता आमेनही मलाच म्हणावं लागतं.