रेडिएटरला हार

आमच्या मुलीने स्कॉटलंडमध्ये घर विकत घेतलं आणि मी तिच्याशी बोलणं बंद केलं. दोन वर्षांसाठी जाते म्हणाली होती. भाड्याने राहणारी मुलगी परत येते, घर घेणारी येत नाही, असं माझं साधं गणित. शांती नगरमधल्या आमच्या फ्लॅटची आतली खोली आम्ही तिच्यासाठी तशीच ठेवली होती, आणि बाईसाहेब तिकडे भिंतींचे रंग निवडत होत्या.

अबोला कडक होता, पण सोयीचाही होता. दर रविवारी संध्याकाळी बायको व्हिडिओ कॉल लावायची. मी कॅमेऱ्यात न येता सोफ्याच्या टोकाला बसायचो आणि काही सांगायचं असलं तर बायकोला म्हणायचो, "तिला सांग." मुलीला सगळं ऐकू जायचंच. तरी बायको तेच वाक्य तिखटमीठ लावून पुन्हा सांगायची.

एका रविवारी मुलीने नवा रेडिएटर दाखवला. तिकडे घर गरम राहावं म्हणून तो भिंतीवर बसवतात, आतून गरम पाणी फिरतं. हा डिझायनर होता म्हणे. माणसाएवढा उंच, काळाभोर, उभ्या नळ्यांचा. बायकोच्या फर्मानानुसार त्याला हळदकुंकू लावलेलं होतं आणि वरच्या कडेला इथून नेलेला प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार गच्च गुंडाळलेला. आमच्याकडे नवा फ्रिजही यातून सुटत नाही.

"भारी दिसतोय ना? पण आई, तो खालूनच गरम होतोय. वरून थंडगार. दोन दिवस घरात जॅकेट घालून बसलेय."

मी तीस वर्षं एका कंपनीत बॉयलरवर काढलीत. मला राहवेना.

"तिला सांग, आत हवा अडकलीय. वर एक छोटा स्क्रू असेल, तिथून सोडायची."

"स्क्रू कुठेच दिसत नाहीये, आई."

"तिला सांग, हाराखाली बघ."

हे मात्र बायकोने पुढे सांगितलं नाही. "पूजेचा हार पाच दिवस हलवायचा नसतो," ती म्हणाली. हा नियम तिने त्याच क्षणी केला असावा. दसऱ्याला बॉयलरला मीही हार घातलेत, पण हवा सोडायच्या कॉकवर कधी नाही. मी उठलो आणि तिच्या हातातून फोनच घेतला.

"हार काढ गं. आधी हीटिंग बंद कर, निवू दे त्याला. मग खाली फडकं धर आणि रेडिएटरसोबत आलेली छोटी चावी स्क्रूला लावून अगदी थोडी फिरव."

तो निवायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मी तिच्या जेवणाची. मग चावी फिरली, बराच वेळ हवा फुसफुसली, पाण्याचे थेंब आले, तिने स्क्रू बंद केला आणि हीटिंग पुन्हा लावलं. थोड्या वेळाने तिने वर तळवा टेकवला.

"पप्पा, वरपर्यंत गरम झाला."

तिने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं. मला फार बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला. थंडीला कंटाळून ती परत येईल, अशी आशा मी धरून होतो. हे बायकोलाही कधी बोललो नव्हतो. आता तिच्या तिथे राहण्याची सोय मीच करून दिली होती.

बायकोने फोनसाठी हात पुढे केला. मी दिला नाही.

"बाकीच्या खोल्यांमधले दाखव," मी मुलीला म्हटलं.