माकडशिंगीची फुलं

वीस वर्षं मी चादरींची नक्षी काढली. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर, कमळ, वेलबुट्टी. कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले.

आमच्या गल्लीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम राहायच्या. माळावरच्या झाडांची चित्रं काढाल का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. सकाळी उठून कुठंतरी जायला हवंच होतं.

पहिलीच माकडशिंगी. पानं नाहीत, नुसत्या मांसल हिरव्या कांड्या. फुलांसकट एक कांडी तोडून घरी आणली आणि चार दिवस खपून चित्र केलं. ते घेऊन पुन्हा माळावर गेलो, तेव्हा शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी बघायला मागितलं.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर अण्णा, हिची फुलं अशी वर बघत न्हाईत की. खाली मान घालून असत्यात."

"समोर ठेवून काढलंय, मावशी."

"तोडून ठिवली आसंल. चला, दावते."

काटेरी झुडपाच्या बुडाशी, शेळ्यांचं तोंड पोचत नाही अशा जागी ती उभी होती. जांभळी, झालरीची फुलं खरंच जमिनीकडं वळलेली. मला ओशाळल्यासारखं झालं. चादरीवरचं फूल बघणाऱ्याकडं तोंड करून असतं, त्या सवयीनं घरी मीच ती फुलं वर वळवून ठेवली होती.

तिथंच बसून नवं चित्र काढायला घेतलं. ऊन चढलं तशा मावशी छत्री घेऊन मागं उभ्या राहिल्या. शेळ्या पांगल्या की हाका मारायच्या, पण कागदावरची सावली हलू द्यायच्या नाहीत. त्यानंतर प्रत्येक चित्र आधी मावशींना दाखवायचं, मग मॅडमना, असंच ठरून गेलं.

गेल्या वर्षी कॉलेजात माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मावशी इरकल नेसून आल्या. मॅडमनी मला बोलायला उभं केलं. दोन वाक्यं मराठीत झाली, तिसऱ्यात घरची तेलुगू आली आणि मी खाली बसलो. मावशी मात्र मुलींना एकेका चित्रापुढं नेऊन सांगत होत्या, "हिची भाजी लई चांगली हुती. हिला शेळी तोंड लावत न्हाय." त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. खिशातली वही काढून मी त्यांच्या मागं मागं लिहून घेत राहिलो.