काट्यावरची लाल अक्षरं

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आसपास मी डिचोलीच्या एका खाणीवर वजनकाट्याचा प्रोग्राम लिहून दिला. कारकुनाने ट्रकचा नंबर आणि वजन टाइप करायचं; माल जास्त झाला असेल तर काळ्या पडद्यावर सूचना येणार. ती कोंकणीत असावी की मराठीत, यावर ऑफिसात दोन दिवस भांडणं झाली आणि अखेर इंग्रजीच राहिली. रंगाचं कोणी विचारलं नाही. धोका म्हणजे लाल, एवढ्या अकलेवर मी पणजीच्या बंद खोलीत, स्वच्छ काचेपुढे बसून गडद लाल ठरवला.

काट्यावर कारकून म्हणून इब्रामपूरचे एक काका होते, निवृत्तीला आलेले. खोलीच्या उघड्या जनेलातून दिवसभर खनिजाची तांबडी धूळ आत यायची आणि पडद्यावर बसायची. एकदा काका ती पुसायला गेले तेव्हा मीच खेकसलो होतो, "काचेला हात लावायचा नाही." तेव्हापासून ते दसऱ्याचं कुंकूसुद्धा यंत्राच्या पाठीला लावत.

एका दुपारी काकांनी काट्यावरून पुढे सोडलेला, जास्त माल भरलेला ट्रक उतारावर उलटला. सावंतवाडीकडचा ड्रायव्हर जागीच गेला.

चौकशीआधी मी काकांच्या खुर्चीत बसून त्याच ट्रकचा नंबर आणि वजन टाकून पाहिलं. धुळीखेरीज काही दिसेना. काचेवरून बोट फिरवलं तेव्हा खाली अक्षरं सापडली.

मॅनेजरने विचारलं, "सूचना आली होती?"

"आली होती," मी म्हणालो. ते खरंच होतं.

काका माझ्याकडे वळले. "बाबा, थंय तांबडां अक्षर माका दिसलांच ना. तू सांग मरे तेंका."

"दिसत नाही, असं होतं का?" मॅनेजरने मला विचारलं.

मी म्हणालो, "दिसतं."

काकांना त्याच दिवशी काढलं. डबा पिशवीत घालून ते बसथांब्याकडे चालत गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी काच पुसली आणि रंग पिवळा केला. एका ओळीचं काम. नवा कारकून खूश होऊन म्हणाला, लांबूनसुद्धा वाचता येतं.

इब्रामपूरला जाऊन खरं काय ते सांगायचं, असं मी वर्षानुवर्षं घोकत राहिलो. काका वारल्याचं कळलं तेव्हाही गेलो नाही.