मायलो मास्तरांचं इंजीन

एल्डन कुचेरानं आयुष्यात कधी घाई केल्याचा दाखला नाही. "घराला आग लागली तर हा आधी धूर कुठून येतोय ते बघत बसेल," असं त्याची बायकोच चर्चमध्ये चारचौघांत सांगायची. नेब्रास्कातल्या एका गवताच्या धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. कापड ताणून रंगवलेली, दोन माणसांची, त्याच्याही जन्माआधीची विमानं. त्यांच्यापुढे घाई चालतही नाही म्हणा.

त्याची रीत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि इंजीन चालवून बघायचं. गिऱ्हाइकं वैतागायची. "लग्नाला जायचं म्हणून तुझ्याकडे विमान द्यावं, तर ते बारशाला मिळतं!" एल्डन म्हणायचा, "बारशाला जिवंत पोचलास ना?" आणि पुन्हा पाना फिरवायला लागायचा.

अशा माणसाकडे त्या वर्षी थंडीच्या तोंडावर मायलो ह्रुस्काचं पिवळं विमान आलं. मायलो म्हणजे मास्तर. एल्डन शाळेत होता तेव्हा याच विमानात त्यांनी त्याला उडायला शिकवलं होतं, प्रसंगी टोपीनं झोडपून. आता मास्तर ऐंशीच्या पुढे गेलेले. बायको गेली होती, शेती मुलगी-जावई बघत होते. मास्तरांना उरलं होतं ते हे विमान, आणि शनिवारी सकाळी शेजारच्या गावच्या धावपट्टीवर जाऊन मित्रांबरोबर पॅनकेक खाणं.

आणि आता विमान उतरायला लागलं की इंजीन खोकायचं आणि गप्प व्हायचं. दोनदा मास्तर सोयाबीनच्या शेतात उतरले होते.

"एल्डनकाका, तिसऱ्यांदा शेतात उतरले तर मी विमान विकणार," मुलगी जॅनेट म्हणाली. "बाबांना नांगरटीतून उचलून आणायला मला जमायचं नाही." तिचं काही चुकत नव्हतं.

एल्डननं पहिला प्रश्न विचारला तो कुठल्याही मेकॅनिकनं विचारला असता. गारठ्याच्या दमट हवेत कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो आणि इंजीन घुसमटतं. त्यासाठी चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी एक मूठ असते. उतरायच्या आधी ती ओढली की आत गरम हवा जाते. नाही ओढली तर इंजीन बंद पडतं, आणि कुणी येऊन बघेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. पुरावा खलास.

"मास्तर, गरम हवेची मूठ ओढली होती ना?"

मास्तर असे भडकले की शेडमधली मांजर उठून बाहेर गेली. "अरे गाढवा, ती मूठ कुठे असते हे तुला दाखवलं कुणी?"

"तुम्ही."

"मग मलाच शिकवतोस?"

विषय संपला. स्वतःच्या तेलाच्या मापावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस मास्तरांच्या शब्दापुढे मुकाट बसला.

मग सुट्या भागांची वरात निघाली. प्लग बदलले. एल्डननं स्वतः उडवून बघितलं, तर इंजीन गुणी सुनेसारखं वागलं. मास्तर बसले, धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालायच्या या अटीवर, आणि उतरताना इंजीन पुन्हा खोकलं. कशीबशी पट्टी गाठली. प्लगला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो बदलला. खोकलं. पेट्रोलची नळी बदलली, गाळणी बदलली, शेवटी अख्खा कार्बोरेटर बदलला. खोकलंच.

बदलायला काही उरलं नाही. एल्डन डबा उपडा घालून त्यावर बसला आणि इंजिनाकडे बघत राहिला. तो स्वतः उतरताना मूठ ओढायचा, हात आपोआप जायचा. इंजिनात तर आता सगळं नवं होतं. जुनं होतं ते फक्त चालवणारं माणूस, आणि ते समोरच्या बाकावर जर्दाळूचा पाव खात बसलं होतं. एल्डनला त्या विचाराचाच संताप आला. त्यानं पाना फेकला. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं.

"शनिवारी मी मागे बसतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"आवाज ऐकायला."

शनिवारी धुकट हवा होती. मास्तरांनी विमान काय सुंदर उचललं! हात जरासुद्धा कापला नाही. एक चक्कर मारून ते उतरायला वळले. मागच्या खुर्चीतून एल्डन फक्त त्यांचा हात बघत होता. हात गुडघ्यापाशी गेला. थांबला. मुठीवरून फिरला, खिडकीच्या कडीला लागला, आणि परत मांडीवर येऊन बसला.

इंजीन खोकलं.

"मास्तर, मूठ."

"कुठली?"

मागून त्या मुठीपर्यंत हात पोचत नाही. "डाव्या गुडघ्याजवळची. ओढा. ओढा, मास्तर!"

मास्तरांनी ओढली. इंजिनानं दोन-चार आचके दिले आणि सावरलं. मग मास्तरांनीच विमान उतरवलं, अगदी अलगद.

पंखा थांबला. दोघंही बाहेर पडेनात.

"तुला कधी कळलं?" मास्तरांनी पुढे बघतच विचारलं.

"कार्बोरेटर बदलल्यावर. तुम्हाला?"

"दुसऱ्या शेतात. तू एकेक भाग बदलत होतास ना, पोरा, तर म्हटलं बदलू दे. एखादा खराब निघाला तर बरंच."

"मीपण देवाला तेच म्हणत होतो," एल्डन म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं आणि ते पुसायला हाताशी तेलकट फडकंच होतं.

जॅनेट गाडीपासून धावत आली. "परत खोकलं ना? खालून ऐकलं मी. काका, बिघाड सापडला की नाही?"

एल्डननं तोंड उघडलं, पण मास्तरच आधी बोलले. "सापडला. त्याचा सुटा भाग मिळत नाही, बाळ."

जॅनेटनं बापाकडे बघितलं, मग काकाच्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं. बराच वेळ ती पंखाच्या दांडीला धरून उभी राहिली.

"मग विमान विकायचं का?" तिनं हळूच विचारलं.

"विमानाला काय धाड भरलीय?" एल्डन खेकसला. "पुढच्या शनिवारी मी चालवतो. हे मागे बसून मला शिव्या देतील."

"आठवल्या तर," मास्तर म्हणाले.

मग ते वाकले, पुढच्या खुर्चीतली आपली उशी ओढून काढली आणि मागच्या खुर्चीत नीट बसवली. त्याला बराच वेळ लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही.