दोन साक्षीदार

"मत राहू द्या. झालं काय, ते सांगा."

डावा तळवा समोरच्याच्या तोंडापुढे धरून मुन्शीजी हे म्हणत. माणूस तावातावाने आलेला असे. भावाने बांध कोरला, पाटलाने रेशनकार्ड अडवलं, सोयरे लेकीला नांदवत नाहीत. तो ओरडत सुरू होई आणि मुन्शीजींचा तळवा वर जाई. मग ते टाक शाईत बुडवत, निबावरचा जास्तीचा थेंब दौतीच्या काठाला पुसत आणि नुसते थांबत. समोरचा आपोआप खालच्या आवाजात बोलू लागे.

नगरच्या कचेरीपुढे लिंबाखाली तरट टाकून बसणारा हा अर्ज लिहिणारा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काळी टोपी, आखूड पांढरी दाढी, उजव्या बाहीवर शाईचा कायमचा डाग. काहींचे अर्जही त्यांनीच लिहिले असतील. त्यांचे अर्ज परत येत नसत, अशी ख्याती होती.

मी पत्रकं लिहितो. कॉलेज सोडल्यापासून तेच करतो. आमच्या छापखान्याचा जिना कचेरीच्या समोरच उतरे, त्यामुळे छापायला देण्याआधी मजकूर मुन्शीजींना दाखवायची मला खोड लागली होती. ते वाचत आणि विशेषणांवर आडवी रेघ मारत जात. 'निर्दय' गेलं, 'रक्तपिपासू' गेलं, 'पाषाणहृदयी' गेलं. पानभर मजकुराच्या तीन ओळी उरत.

"पुढारी, एवढंच झालंय," ते म्हणत. "बाकी तुला वाटलंय."

"मग वाटायला नको?"

"वाटू दे की. घरी जाऊन वाटू दे."

मी चिडून कागद ओढून घेई आणि सगळी विशेषणं परत घालून छापी.

ते दिवस आठवा. फाळणी झालेली. निजामाची हद्द आपल्या जिल्ह्याला लागून, रोज नवी बातमी, रोज नवी अफवा. चहाच्या दुकानात मुन्शीजी शिरले की कोणीतरी मुद्दाम मोठ्याने विचारी, "काय मुन्शीजी, पाकिस्तानाबद्दल तुमचं काय म्हणणं?" विचारणाऱ्याला उत्तर नको असे, त्याला त्यांचं तोंड बघायचं असे. ज्या माणसाने अख्ख्या पेठेचे अर्ज लिहिले त्याला रोज उठून आपण कुठले ते सांगावं लागत होतं, याची मला आजही चीड येते. मुन्शीजी बशीतला चहा फुंकत म्हणत, "माझ्याकडे तसा अर्ज आलेला नाही."

मला मात्र त्यांनी एकदा मत सांगितलं. "तीस वर्षं इथं बसलोय," ते म्हणाले. "विहिरीवर मोट बसवायची तरी अर्ज लागतो. एवढा मुलूख दोन ठिकाणी झाला, आणि कुणी एक साधा अर्ज केला नाही बघ." हसले नाहीत.

त्या वेळी चाची, म्हणजे त्यांची बायको, कराचीत होती. एकुलत्या एका मुलीचा नवरा तिथल्या बंदरात कारकून, फाळणीच्या आधीपासूनच. मुलीचं पहिलं बाळंतपण म्हणून चाची अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला बोटीने गेली, बरोबर डिंकाचे लाडू घेऊन. मूल झालं, सव्वा महिना झाला. परत यायच्या आत तिकडून येणाऱ्यांसाठी परमिटचा कायदा आला. गेली तेव्हा ती घरातून लेकीकडे गेली होती. आता ती पाकिस्तानातून भारतात येऊ पाहणारी बाई झाली.

वर्ष गेलं. शेवटी तिला एक महिन्याचं परमिट मिळालं. पाहुणी म्हणून. स्वतःच्या घरी पाहुणी! कायमचं राहायचं तर या महिन्याच्या आत कचेरीत सिद्ध करायचं की ती अमुक माणसाची लग्नाची बायको आहे आणि तिचा संसार इथेच आहे.

मुन्शीजींनी तो अर्ज माझ्यासमोर लिहिला. दुसऱ्याचा अर्ज ते एका बैठकीत लिहीत. हा लिहिताना तीनदा कागद फाडला. मी डोकावलो तर एका फाडलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'तिच्यावाचून घरात फार'. पुढे काही नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मी बरोबर गेलो. साहेबाशेजारी बसलेल्या कारकुनाने चाचीला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

चाची पदर पुढे ओढून खाली बघत राहिली.

"बाई, नाव सांगा नवऱ्याचं."

"हे काय, बसल्यात न्हवं का," चाची म्हणाली. ती घोडेगावची, बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

"बसलेल्याचं नाव काय?"

"साऱ्या नगरला ठावं हाय. तुमाला न्हाई व्हय?"

दोन शिपाई हसले. साहेबाने लेखणी खाली ठेवली. "ज्या बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही..." तो इंग्रजीत काही पुटपुटला. मी उठून बोलणार तोच मुन्शीजींनी माझ्या मांडीवर हात दाबला. मग चाचीकडे वळून हळूच म्हणाले, "घे. एकदा घे. हुकूम आहे."

तिने घेतलं. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एका दमात. संसारात पहिल्यांदा. मुन्शीजींनी टोपी सारखी केली आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या हाताने ते लिहावंसं वाटत नाही.

साहेबाने शेवटी एकच मागितलं. निकाह लावणाऱ्या काझींची वही वाळवीने खाल्ली होती, तेव्हा लग्न पाहिलेले घोडेगावचे दोन साक्षीदार हवेत, त्यांचे जबाब लिहून आणा. मुन्शीजींना दोन माणसं माहीत होती, चाचीच्या माहेरच्या शेजारचे. चाचीला एक दिवसाआड पोलीस ठाण्यात हजेरी होती आणि तिला एकटी सोडायला ते तयार नव्हते. म्हणून मला म्हणाले, "तू जा. दगडूबाबा आणि गणपत. लग्न पाहिलं, एवढंच लिहून घे, आणि अंगठा. पुढारी, दोनच माणसं. तिसरा नको."

आता माझं ऐका. मी बाजाराच्या दिवशी घोडेगावला गेलो. बाजारात बैल, गाई, शेळ्या, दलाल, आणि शेतकरी तर हजारोंनी. एवढा समुदाय समोर आणि मी दोन अंगठे घेऊन परत येऊ? माझ्या पिशवीत आमच्या पत्रकाचे कोरे तक्ते होते. वर ठळक छापलेलं, 'अन्यायी परमिट कायद्याचा धिक्कार असो', त्याखाली मी लिहिलेला मजकूर आणि मग सह्यांना जागा. एका बैलगाडीच्या साटीवर चढलो आणि सुरू झालो. परमिटवर बोललो, लोक उभे राहिले. धान्याच्या लेव्हीवर, सरकारच्या सक्तीच्या वसुलीवर बोललो, लोक पुढे सरकले. "द्या अंगठे!" म्हणालो. तासाभरात दोनशेच्या वर अंगठे. दगडूबाबा आणि गणपत त्यातच कुठेतरी, एकाच तक्त्यावर, एकमेकांच्या खाली. दगडूबाबा म्हणाले, "काय लिवलंय रं यात?" मी म्हणालो, "चाचीला इथं राहू द्या, असं लिहिलंय." "मंग लाव," म्हणाले.

नगरला परतल्यावर तक्ते आधी मुन्शीजींना दाखवावेत हे मला सुचलं नाही. खोटं कशाला लिहू? सुचलं होतं. ते रेघा मारतील याची भीती होती. मी पाचसात मित्र गोळा केले, कचेरीच्या पायऱ्यांवर घोषणा दिल्या आणि तक्ते साहेबाच्या टेबलावर आपटून आलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी मोहीम होती. संध्याकाळी छापखान्यात आम्ही पेढे खाल्ले.

चार दिवसांनी फौजदार चौकशीला घोडेगावात गेला. चावडीपुढे एकेकाला उभं केलं. "हा अंगठा कशाचा?" माणसं घाबरली. "लेव्हीचं हाय म्हनले सायेब." "आमाला काय ठावं, पोरगं बोलत हुतं." दगडूबाबांना विचारलं, "या मुसलमान बाईचं लग्न तू पाहिलंस?" गावोगाव धरपकड चाललेली, बाबांचा मुलगा बाजूला थरथरत उभा. बाबा म्हणाले, "न्हाई सायेब." गणपत गावातच नव्हता, परगावी गेलेला.

अहवाल झाला. फसवून अंगठे घेतले, साक्षीदार लग्न नाकारतो, अर्जामागे राजकीय चळवळ. अर्ज नामंजूर. परमिटचे आठ दिवस उरले होते.

मी मुन्शीजींकडे गेलो तेव्हा ते घरी ओट्यावर होते. त्यांनी माझ्याजवळ उरलेला एक कोरा तक्ता मागितला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, आता तोंडावर फेकतील. फेकला असता तर बरं झालं असतं.

"छपाई चांगली आहे," ते म्हणाले. मग बोट ओळींवरून फिरवत, "हजारो माता-भगिनी आहेत. जनतेचा आक्रोश आहे. तिचं नाव कुठंय?"

मी तक्ता हातात घेऊन शोधलं. पाठपोट शोधलं. नव्हतं.

आतून चाची चहा घेऊन आली. तिला सगळं कळलेलं होतं. "पी बाबा," मला म्हणाली, "वनवन केलीस माज्यापायी." तो कप मी कसा संपवला ते मला माहीत नाही.

मी नवा अर्ज करू म्हणालो, मुंबईला जाऊ म्हणालो, उपोषण करतो म्हणालो. मुन्शीजींनी या वेळी तळवा वर केला नाही. नुसते म्हणाले, "तिला एकटीला बोटीवर बसवणार नाही मी."

जायला त्यांना काहीच अडचण नव्हती. अडचण परत यायची. त्यासाठी जाण्याआधी परतीच्या परमिटचा वेगळा अर्ज करावा लागतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण ते अर्ज त्यांनीच कितीतरी जणांचे लिहिले होते. मी विचारलं, "तुमचा केला?" तर म्हणाले, "लिहिलाय." आता वाटतं, लिहिला असेल, दिला नसेल. हे मात्र माझं मत.

मनमाडच्या गाडीला त्यांना बसवायला मी आणि पेठेतली दोघं-तिघं होतो. एक वळकटी, एक ट्रंक. चाची खिडकीशी. ती फलाटापलीकडच्या बोडक्या माळाकडे बघत होती. मुन्शीजींनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही सांगतील. त्यांनी माझ्या कुडत्याचं उघडं बटण लावलं आणि म्हणाले, "चल, गाडी हलेल."

गाडी हलली.

ते गेल्याला आठ-दहा दिवस झाले असतील. छापखान्याच्या जिन्यावर कोणीतरी काठी टेकत चढत होतं. दगडूबाबा. घोडेगावाहून मिळेल त्या बैलगाडीने आणि उरलेलं पायी आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. आल्या आल्या पायरीवर बसले.

"मुन्शी कुठं हायेत? लिंबाखाली न्हाईत."

मी त्यांना पाणी दिलं. सांगायचं धाडस होईना.

"मी खोटं बोललो रं फौजदारापुढं. पोराला बघून जीव थोडा झाला. झोप न्हाई तवापासनं. लिवून घे आता." ते थांबले, मग एकेक आठवून सांगू लागले. "म्या पाह्यलं लगीन. तिच्या बापानं आमा हिंदूंना येगळा शिधा दिल्ता. तांदूळ, डाळ, गूळ, वाटीभर तूप. आमी वढ्याकडंला चूल मांडून शिजवलं. पोरगी लई रडत हुती जाताना. मुन्शीच्या आंगावर हिरवा शालू, न्हाई, शेला हुता. शेला लिव. साऱ्या वऱ्हाडाम्होरं तिला घोड्यावर बशिवली आन् सोता लगाम धरून चालत गेला. लोकं हसली त्याला."

मी कागद घेतला. ते बोलले तसं लिहिलं, एक शब्द वाढवला नाही. त्यांनी अंगठा शाईत नीट बुडवला, कागदावर दाबून धरला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"दे आता मुन्शीला," म्हणाले. "राहील न्हवं ती?"